दुपट्ट्याखालचा सौदा

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं. भरलेल्या टेम्पोसमोर, अर्ध्या तळेगावच्या देखत. आणि बदनामी झाली माझी, की सून म्हाताऱ्याला टाकून वर्ध्याला निघून गेली. गावात राहिलेल्यांनी वाचावं म्हणून मी हे लिहिते आहे. माझ्यासारखं जे गाव सोडून गेले त्यांनीही वाचावं. त्यांना माझा राग लवकर कळेल.

मे महिन्यातली सकाळ होती. टेम्पोत कपाट चढलं, गाद्या चढल्या, माझ्या बांगड्या-कटलरीचे खोके चढले आणि सगळ्यांच्या वर मामाजींची लोखंडी पेटी. मामाजी म्हणजे माझे सासरे. एवढ्यात बंटी दिसेना. तीन वर्षांचं पोर. विहिरीपासून देवळापर्यंत सगळे धावलो. शेवटी धान्याच्या रिकाम्या कोठीत सापडला, आत बसून स्वतःचाच घुमणारा आवाज ऐकत होता. "मी इथंच राह्यतो," म्हणाला. त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा केसांत तुरीचा भुसा. थोरली आरू, सहा वर्षांची, ड्रायव्हरशेजारची खिडकी पकडून केव्हाची बसली होती. आमच्या यांनी दोऱ्या आवळल्या. मी मामाजींना म्हटलं, "चला, बसा आता."

मामाजी निंबाखाली आपल्या बैलजोडीजवळ उभे होते. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमी व्हा पुढं. हे जोडी विकतो अन् येतो. बाजार तं होऊ दे."

पेटी टेम्पोत आणि माणूस खाली. तिथंच मला कळायला हवं होतं.

मामाजींनी जन्मभर बैलांची दलाली केली. बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. पटला तर अख्खा हात धरायचा. तो धरला की सौदा पक्का, मागे फिरणं नाही. मागे फिरणाऱ्याला बाजारात दुसऱ्यांदा कोणी हात देत नाही.

सौदा करायला मी त्यांच्याकडूनच शिकले, तेही त्यांनी शिकवलं नसताना. लग्नानंतर बांगड्यांचं गाठोडं घेऊन मी बाजाराच्या कोपऱ्यात बसायची आणि लांबून त्यांच्याकडे बघायची. दुपट्ट्याखालचे हात दिसत नाहीत, पण खांदे दिसतात. गिऱ्हाइकाचे खांदे सैल पडले की समजावं, आता हा मानणार. या एका ज्ञानावर मी गाठोड्याचं दुकान केलं, आणि दुकानातून वर्ध्याला लागून पिपरी मेघेला प्लॉट. कोणी एक वीट आणून दिली नाही.

घराचा पाया भरायच्या आधी मी मामाजींना विचारलं होतं, "तुमची खोली आधी बांधते, माझं स्वयंपाकघर मागून. पण येणार असाल तर." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या हातांवर टाकला आणि माझा अख्खा हात धरला. "झाला सौदा." एखाद्या बाईशी त्यांनी असा सौदा केल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला नव्या घरापेक्षाही त्या हाताचा आनंद जास्त झाला होता. म्हणून तर राग आहे.

त्यांची खोली मी रस्त्याच्या बाजूला काढली. खिडकी खाली घेतली, खाटेवरून येणारे-जाणारे दिसावेत म्हणून. गुडघ्यांसाठी कमोड बसवला. त्यावरून मिस्त्रीशी भांडण, दुकानदाराशी भांडण, आणि मामाजींचं फोनवर वेगळंच, "अवं, खुर्चीवर बसून का कोनी हे काम करते?"

पिपरीतले पहिले दिवस पोरांना जड गेले. बंटी टाइल्सवर घसरायचा आणि रडायचा. कोठी कुठं आहे विचारायचा. आरूच्या वर्गातली पोरं तिच्या 'काऊन'ला हसली. ती घरी येऊन माझ्यावरच चिडली, "आई, तू मले आधी काऊन नाई सांगितलं?" आता ती शाळेत 'का' म्हणते, घरी 'काऊन'. मी तिला टोकत नाही. बाजारात दोन जिभा लागतातच. हळूहळू दोघांनी मामाजींच्या पेटीचा दुकानासारखा उपयोग सुरू केला. माझा ओला टॉवेल हातांवर टाकून पेन्सिल, खोडरबर, पोळीचा तुकडा, सगळ्याचे सौदे व्हायचे. बंटीला आकडे येत नव्हते. तो सगळी बोटं दाबायचा.

मी दर आठवड्याला फोन करायची. "मामाजी, जोडी गेली का?"

"गिऱ्हाईकच नाई, बाई."

ज्यांच्या हातचं जनावर बाजारातून कधी परत आलं नाही, त्यांना गिऱ्हाईक नाही! जून गेला, पोळा झाला, दसरा झाला. इकडे गावाहून दुकानात येणाऱ्या बाया बांगड्या भरता भरता विचारायच्या, "म्हातारा एकटाच भाकरी थापते म्हनतात, खरं काय?" मी बांगडी जरा जोरात चढवायची. काही फुटल्याही.

मग एके दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. बैल विकला जात नाही तो एकाच कारणानं: मालक भाव असा सांगतो की कोणी हात धरू नये. आणि भाव दुपट्ट्याखाली, म्हणजे गावाला पत्ता नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही पोरांना घेऊन मी एसटीनं तळेगावला गेले. घरी नाही, सरळ बैलबाजारात. मामाजी जोडी धरून उभे होते. पोरं "आबाजी!" करत त्यांच्या पायांना बिलगली. मी हात पुढे केला. "मामाजी, जोडीचा भाव सांगा."

आजूबाजूचे हसले. एक जण म्हणाला, "वहिनी, बांगड्या नाई त्या. बैल व्हय."

"मालूम हाय भाऊ. बांगडीले दात नसते."

बैल दातांवरून पारखतात हे मला ठाऊक होतं. आता हसू त्याच्यावर उलटलं. मामाजींना इलाज राहिला नाही. समोर गिऱ्हाईक उभं असताना दलाल भाव सांगायचं नाकारत नाही. दुपट्टा पडला. त्यांची बोटं माझ्या बोटांवर दाबली गेली.

तो भाव मी सांगणार नाही, दुपट्ट्याखालचं बाहेर काढायचं नसतं. एवढंच सांगते, त्या भावात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आला असता. आणि बैल कोणते? उतरत्या वयाचे, एकाचा डोळा पाणावलेला. माझं डोकं तापलं. या भावापायी सहा महिने मी गावाची शिवी खाल्ली! आयुष्यात कुणाला पहिला भाव दिला नाही मी. भाजीवाल्याला नाही, प्लॉटवाल्याला नाही. पण त्या दिवशी मी त्यांचा अख्खा हात धरला. "मंजूर."

माझी नजर त्यांच्या खांद्यांवर होती. खांदे सैल पडले.

आणि मामाजींनी हात ओढून घेतला.

सगळ्यांनी पाहिलं. मामाजींनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला, बंटीला उचललं आणि म्हणाले, "पोराले भूक लागली असन." बस. ना हो, ना नाही.

संध्याकाळी मात्र आम्ही एसटीत बसलो तेव्हा मामाजीही चढले. "पोरं सोडून देतो अन् येतो," कंडक्टरलाच सांगितल्यासारखं म्हणाले. बैलांचं पाणी-वैरण शेजारी बघणार होता.

पिपरीत पहिला दिवस ते खिडकीशी बसून राहिले, पाहुण्यासारखे. दुसऱ्या दिवशी आरूनं त्यांना भाजीच्या गाडीवर नेलं आणि दोघं मिळून त्या माणसाला असे भिडले की त्यानं कोथिंबीर फुकट देऊन सुटका करून घेतली. मग कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं विचारलं, "बाबाजी, म्हैस घ्यायची हाय, येता काय पाहाले?" मामाजी सकाळी गेले ते जेवायला आले. पायांना शेण, आणि माझ्या पांढऱ्या टाइल्सवर दारापासून खाटेपर्यंत त्यांची पावलं. मी जोरात ओरडले. त्यांनीही आवाज चढवला, "शेनच व्हय ते, डांबर नाई!" आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हसत होते. घर बांधल्यापासून पहिल्यांदा मला ते घर भरल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी मात्र ते गेले. बैल वाट पाहत असतील म्हणाले. बस सुटल्यावर आरूला खुंटीवर त्यांचा दुपट्टा दिसला. "आबाजी विसरले!"

विसरले? दुपट्ट्याशिवाय जो माणूस ओट्यावरून खाली उतरत नाही, तो? आमच्या धंद्यात सौदा मनात असतो पण लगेच पुरा करता येत नाही, तेव्हा माणूस काहीतरी इसार म्हणून ठेवून जातो. मी त्याला इसार धरलं आहे.

पूर्वी घर म्हटलं की डोळ्यांसमोर निंबाखालचा ओटा यायचा. आता दुकान बंद करून पिपरीच्या वळणावर आले की आधी मामाजींची खिडकी दिसते. आत कोणी नसतं, तरी मी तिथला दिवा लावून ठेवते. विजेचं बिल मीच भरते, काय जळतं ते मला कळतं. तरी लावते.

तर तळेगावकरांनो, पुढच्या वेळी सुनेला नाव ठेवण्याआधी म्हाताऱ्याला विचारा. भाव त्यांनीच सांगितला. मी एक पैसा न तोडता मानला. बाजाराचा नियम त्यांनी मोडला, मी नाही.

आणि मामाजी, आरू तुम्हाला हे फोनवर वाचून दाखवणार आहे, तेव्हा ऐकू आलं नाही म्हणू नका. दूधवाल्याच्या गोठ्यात दोन बैलांची जागा मी ठरवून आले आहे, त्यानं सांगितल्याच्या अर्ध्या भाड्यात. दुपट्टा धुऊन खुंटीवर ठेवला आहे. जोडी घेऊन या, आणि माझ्या टाइल्सवर शेणाच्या पायांनी उभे राहून मला उत्तर द्या: हात काऊन ओढला?