उशाशी उभा राहणारा माणूस

डॉ. लीलाधर धुळ्यात महामार्गालगतच्या एका खासगी दवाखान्यात अपघात विभागाचे प्रमुख. हे प्रमुखपण ते घरीही उतरवत नसत. पंख्याखालची खुर्ची त्यांची, पहिली पोळी त्यांची. पाहुणा चुकून त्या खुर्चीत बसला, तर हे नुसते खाकरत. त्याला उठवायचं काम बायकोचं, रूपाचं.

जळगावला प्रशिक्षण झालं. गंभीर जखमी आला की कुणी कुठे उभं राहायचं, ते तिथे शिकवलं. भूलतज्ज्ञ उशाशी, कारण श्वास त्याच्या हाती. प्रमुख पायाशी, कारण तिथून सगळे दिसतात. लीलाधरांनी जेवणाची तारीफ केली, प्रमाणपत्र घेतलं आणि परत येऊन फरशीवर जागांच्या पट्ट्या चिकटवल्या. उशाची पट्टी स्वतःची.

"पायाशी काय, पाय चेपायला उभा राहू?"

भूलतज्ज्ञ प्राचीला बाजूला, सलाइनच्या स्टँडपलीकडे जागा मिळाली. तिने हरकत घेतली तर म्हणाले, "मॅडम, तुमचा मान कमी होत नाही यात." जणू लग्नातला आहेरच वाटत होते.

सोमवारी साक्रीचे कौतिक मोटारसायकलवरून फेकले गेले. तोंडात रक्त, श्वासाला घरघर. सगळे आपापल्या पट्टीवर उभे राहिले. लीलाधर उशाशी, हात मागे बांधून.

"सर, सरका. नळी घालायचीय."

"टीम विस्कटू नका. तिथूनच घाला."

"इथून? बरगडीतून घालू?"

दारातून कौतिकांची बायको सुगंधाबाई ओरडली, "ओ भाऊ, त्या बाईले येऊ द्या ना! मना माणूस घुसमटी राहिना!"

"यांना बाहेर काढा," लीलाधर म्हणाले. पाय मात्र पट्टीवरून हलले नाहीत.

प्राचीने ट्रॉलीचा ब्रेक पायाने काढला. सिस्टरने सलाइन उचललं. दोघींनी ट्रॉली कौतिकांसकट गर्रकन फिरवली. डोकं प्राचीपुढे आलं, लीलाधरांच्या पोटाशी कौतिकांचे चिखलाचे पाय. तिने रक्त खेचून काढलं, नळी घातली. छाती वरखाली होऊ लागली.

लीलाधर जिथे होते तिथेच होते. पायाशी. प्रशिक्षणात सांगितलेल्या जागी ते उभे होते, तेही चिखलापासून शर्ट सांभाळत.

जेवताना त्यांनी रूपाला कौतिक वाचल्याचं सांगितलं, वर म्हणाले, "एवढा गोंधळ झाला, पण मी माझी जागा सोडली नाही."

रूपाने पहिली पोळी त्यांच्या ताटात टाकली.

"मग तो माणूस वाचला कसा?"