सगळीकडं एकदमच

चिकलठाण्यात ज्या कंपनीच्या गेटावर मी बसतो, तिथला वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला रोज माझ्या केबिनीत चहाला येतो. कप दोन्ही हातांनी धरतो, अन् बोलायच्या आधी घसा खाकरतो. दवाखान्यांचं काम ज्या कॉम्प्युटरच्या मशिनींवर चालतं, त्यांच्यात कामाची गर्दी वाटून द्यायची, ही त्याची नोकरी. कोणत्या मशिनीकडं किती पाठवायचं, हे तो एकेक करून हातानं भरायचा.

परवा म्हणला, "काका, आता ते आपोआप भरलं जातं. आत्ताच चालू करून आलो."

"अन् चुकलं तर?"

"हातानं एका जागी चुकायचं. आता सगळीकडं एकदमच चुकंल. सगळे दवाखाने बंद."

मी कुणाच्या बापाला भीत नाय. पण त्यानं मोबाईल माझ्यापुढं ठेवला अन् हात मांडीखाली दाबून बसला, तवा मीबी माझा कप खाली ठेवला.

"बिघडलं तर फोन येईल. तुम्हीच बघा."

फोन वाजला. दुसरीपर्यंतच शिकलो, पण नाव वाचता येतं.

"आई हाय रं तुझी."

"उचलू नका, काका. तेवढ्यात दुसरा आला तर?"

आई वाजत राहिली. आम्ही दोघं तिच्याकडं बघत बसलो.