उलटी पुजलेली दिवटी

काकूचा फोन आला, ‘तुहे काका गेले गा.’ एवढंच बोलली. नंदनवनातल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी रडत होतो. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला आणि रडू जागच्या जागी आटलं. मोठ्या काकांनी दिलेल्या निधनवार्तेत बाळूकाकांच्या फोटोखाली छापलं होतं, ‘सरदार दिवटे घराण्याचे वंशज’. ज्या एका शब्दापायी सख्ख्या भावानं त्यांना इतकी वर्षं दारात उभं केलं नाही, तोच मेल्यावर त्यांना चिकटवला! जिवंतपणी त्यांनी चिकटवू दिला नसता.

लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट अशी, की भोसल्यांच्या काळात आमचा मूळपुरुष पेटती मशाल घेऊन घोड्यावरून शत्रूच्या छावणीत घुसला, त्यानं तंबू जाळले, म्हणून आम्ही दिवटे. पुरावा काय, तर प्रताप नगरला मोठ्या काकांच्या देवघरात असलेली त्याच्या तलवारीची पितळी मूठ. दसऱ्याला सगळे दिवटे तिथे जमायचे, मुठीला शेंदूर लागायचा, आणि आम्ही पोरं छाती काढून हिंडायचो.

बाळूकाका रिटायर झाले आणि या मूळपुरुषाच्या मागे लागले. एसटीनं गावोगाव हिंडले, म्हाताऱ्याकोताऱ्या भाऊबंदांपाशी बसले. सगळीकडे एकच ऐकायला मिळालं : आपले लोक राजाच्या पालखीपुढे उजेड धरून चालायचे. घोडा कोणालाच आठवत नव्हता. त्या दसऱ्याला मूठ घासायला त्यांनीच मागून घेतली. चिंचेनं घासता घासता शेंदराची खपली निघाली, तर खाली वाटी, आणि वाटीत तेलकट काजळी... म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ती उलटी उभी करून पुजत होतो. आडनाव दिवटे, देवघरात दिवटी, अन् एकालाही ओळखू आली नाही. धन्य आमची!

काकांनी ती सुलटी केली, तेलात भिजवलेली चिंधी वाटीत कोंबली आणि सगळ्यांसमोर पेटवली. काय सुरेख जळत होती ती! मोठ्या काकांनी तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं.

‘पोरायची लग्नं व्हायची हायेत. तू आमाले हुजरे बनवून राहिला?’

‘त्याच्या उजेडात राजा चालला, दादा. लाज कायची?’

त्यानंतर बाळूकाकांना दसऱ्याचं बोलावणं आलं नाही. शेंदूर पुन्हा चढला, दिवटी पुन्हा उलटी झाली. काका मात्र दरवर्षी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून फोनजवळ बसायचे, असं काकू सांगते. खरं बोलल्याची ही शिक्षा होती, आणि ती देणाऱ्यांना मी माफ करणार नाही.

त्यांची एक सवय होती. संध्याकाळी कोणी जायला निघालं की खुंटीवरची बॅटरी काढून ते पुढे चालायचे, पार गल्लीच्या तोंडापर्यंत. रस्त्यावर दिवे असले तरी. उजेड मागे, येणाऱ्याच्या पायांवर, आणि स्वतः अंधारात. मी चिडवायचो, काका, एक दिवस नालीत जाल. ते म्हणायचे, ‘खानदानी काम हाये गा.’

तेरवीला मोठे काका आले. पोटभर जेवले. सरदार घराण्यातला एक मोहरा गेला, असं चार लोकांत बोलले. मी ताटावरून उठून गेलो. दिवेलागणीला ते निघाले तेव्हा नेमकी लाइन गेलेली. ओट्यावर थांबून त्यांनी आवाज दिला, कोणीतरी बॅटरी धरा.

काकू आतून आली. बॅटरी तिच्याच हातात होती.

‘सरदाराच्या घरी बॅटरी कोण धरन, भाऊजी?’ ती म्हणाली, आणि बॅटरी परत खुंटीला अडकवली. मोठे काका भिंत चाचपत पायऱ्या उतरले. कोणीही पुढे झालं नाही.

परवा पुन्हा नंदनवनात गेलो होतो. काकांची खुर्ची तशीच आहे, सदरा दाराआड तसाच आहे. निघायला उठलो तर काकूही उठली. खुंटीवरची बॅटरी काढली, पदर खोचला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्यापुढे चालली... उजेड माझ्या पायांवर होता.