बेगमची दृष्ट

भोरच्या नदीकाठच्या आळीतल्या बायका म्हणायच्या, कुलसुमबीचे संसार दोन. एक जलीलभाई कल्हईवाल्याचा, पुढच्या पडवीतला. दुसरा परसातल्या दगडी हौदातला. पहिल्याला भाकरीची वाट बघावी लागे, दुसऱ्याला कधी उपास घडला नाही.

हौदाची मालकीण बेगम. कुलसुम लग्न होऊन वेल्ह्याहून निघाली तेव्हा बापानं कानंदी नदीतलं बोटभर पिल्लू कळशीत घालून बैलगाडीत ठेवलं होतं. लोकांच्या सुना भांडी आणतात, आमच्या सुनेनं मासा आणला, हे सासू मरेपर्यंत ऐकवत राहिली. पुढं बाप गेला, भाऊ गिरणीत लागून मुंबईचा झाला. माहेर म्हणावं तर ते हौदात पोहत होतं तेवढंच. पिल्लाची कोपराएवढी बेगम झाली, सोनेरी खवल्यांची. काठावर बांगड्या वाजल्या की वर यायची आणि कुलसुमच्या बोटांतून चुरा टिपायची.

ज्या उन्हाळ्यात मिठापायी देशभर माणसं तुरुंगात चालली होती, त्या उन्हाळ्यात एका सकाळी बांगड्या वाजल्या आणि बेगम आली नाही.

कुलसुम हौदावर ओणवी झाली. बेगम भिंतीला अंग घासत होती. कल्ले जलीलच्या भात्यासारखे उघडझाप करत होते. मागल्या आठवड्यात बगळ्यानं पाठीवर चोच मारली होती, तिथं पांढरा कापूस फुटला होता. पाणी हललं की कापसाचे धागेही हलत. जिवंत अंगावर दुसरंच काहीतरी रुजलंय, हे बघून कुलसुमच्या अंगावर काटा आला.

"मासा हाय त्यो," जलील म्हणाला. "आज कालवण कर. उद्या फेकावा लागंल."

"तुमास्नी हिवताप आला तवा म्या कालवण केलं व्हतं का?"

जलील भात्याकडं गेला.

हौदातल्या बाकीच्या माशांना लागू नये म्हणून कुलसुमनं बेगमला उचलून दगडी डोणीत ताज्या पाण्यात सोडलं. दुपारपर्यंत कापूस वाढलाच. तेवढ्यात शेजारची धोंडाबाई पदर खोचून आली. दृष्ट काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लेकरांची काढी, म्हशींची काढी, आनंदरावांच्या नव्या सायकलीचीसुद्धा काढली होती. नंतर सायकल ओढ्यात पडली, पण त्यात दृष्टीचा दोष नव्हता, आनंदरावांचा होता.

"अगं, समदी आळी येऊन हिचं रूप बघती. दृष्ट लागंल न्हाई तर काय?"

"मावशी, मासळीची दृष्ट कुणी काढतं का?"

"म्या काढते."

माणसाची दृष्ट मीठ, मोहरी, मिरच्यांनी उतरवून चुलीत टाकतात. धोंडाबाई मूठ घेऊन थबकली. माशाची दृष्ट आगीत कशी जाईल? पाण्यातला जीव, त्याची पीडा पाण्यातच विरली पाहिजे. मोहरी-मिरच्या घातल्या तर कालवणच व्हायचं, म्हणून त्या तिनं बाजूला ठेवल्या आणि दोन्ही मुठी खडेमिठानं भरल्या. आल्यागेल्याची, पाप्याची, पापिणीची, असं पुटपुटत तिनं डोणीवरून मीठ ओवाळलं आणि सगळं पाण्यात सोडलं. वर हातानं ढवळलंही.

बेगम उसळली, डोणीत गरगरली आणि आडवी झाली.

"मारलीत की वो मावशी!" म्हणत कुलसुमनं तिला दोन्ही हातांनी उचललं आणि धावत जाऊन हौदात सोडलं. धोंडाबाई मिठाचे हात पदराला पुसत कुंपणातून निघून गेली.

सकाळी कुलसुम हौदावर गेली ती बेगमचं प्रेत काढायला टोपली घेऊनच. बांगड्या वाजल्या. खालून सोनेरी सावली वर आली. कापूस गळून हौदाच्या तळाशी पडला होता, जखम लाल, स्वच्छ होती. कुलसुम टोपली हातात घेऊन उभीच राहिली. अल्लाचं नाव घ्यावं की धोंडाबाईचं, हे तिला सुचेना.

आळीला मात्र सुचलं. धोंडाबाईचा भाव म्हशीवरून थेट माशावर चढला.

पण थोड्याच दिवसांत हौदातल्या दुसऱ्या माशाच्या शेपटीवर तोच कापूस दिसला, आणि धोंडाबाई लेकीकडं शिवऱ्याला गेलेली. कुलसुम घुटमळली. दृष्ट काढायचे शब्द तिला येत नव्हते. आलेही असते तरी चुकीचे म्हटले तर? शेवटी तिनं नुसतंच मीठ डोणीत विरवलं, मासा सोडला, आडवा होऊ लागताच उचलून हौदात टाकला. कापूस गळला.

धोंडाबाई परतली तेव्हा कुलसुमनं हे सांगितलं.

"दृष्ट कुणी काढली?"

"म्याच. नुसतं मीठ घातलं, मावशी. शब्द न्हाई आले."

धोंडाबाईनं हौदात वाकून बघितलं. "त्याच दिवशी शिवऱ्याला मला उचक्या लागल्या व्हत्या," ती म्हणाली. "शब्द तिकडनं गेलं असतील."

कुलसुम हसली नाही. तिनं धोंडाबाईचा हात धरून पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या वाजवल्या. बेगम वर आली. पाठीवर जुन्या जखमेच्या जागी नखाएवढे नवे खवले फुटले होते, काचेसारखे, अजून रंग न भरलेले. धोंडाबाईच्या बोटांना तिनं तोंड लावलं.

"थंड लागतंय गं," धोंडाबाई हळूच म्हणाली, पण हात काढला नाही.