एक नंबरची गाडी

काळजी करण्याची स्पर्धा सोलापुरात कुणी भरवलीच, तर आमचे मामू तिच्यात पहिले येतील. मात्र बक्षीस घ्यायला जाणार नाहीत, कारण त्या वेळी कुठली तरी बस रस्त्यावर असेल आणि ती धडपणे परत येते की नाही याचा घोर त्यांना लागलेला असेल. मामू हे माझे मामा नव्हेत. आमच्या सिटीबसच्या डेपोतले ते हेडमेकॅनिक, आणि ड्रायव्हरपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणतात. मी तिथला कारकून. माझं टेबल वर्कशॉपच्या दाराशीच असल्यामुळे त्यांच्या काळजीतला निम्मा वाटा कायम माझ्याकडे येतो.

मामू गाडी बघत नाहीत, ऐकतात. सकाळी बस फाटकातून निघाली की मान तिरकी करून डोळे मिटतात. भवानी पेठेत त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. सगळे जेवायला बसलेले, आणि मामू हातातला घास तसाच धरून उभे राहिले. "सत्तावीसचा क्लच रडतोय," म्हणाले, आणि नव्या शेरवानीत धावत जाऊन त्यांनी मांडवावरून चाललेली सत्तावीस नंबरची बस भर रस्त्यात अडवली. क्लच खरंच गेलेला होता. नवरदेव सलाम करायला मामूंना मांडवभर शोधत राहिला. गाडी परत आली की ते चाकाच्या हबवर तळहात ठेवून ताप बघतात, आणि ताप असला की तिच्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरतो.

पण खरा जीव बेचाळीसमध्ये. ही डेपोतली सर्वांत जुनी गाडी. ती नवी आली तेव्हा सीटवरचं प्लॅस्टिक मामूंनी स्वतः काढलं होतं. बेचाळीस दुपारच्या फेरीवरून परतेपर्यंत मामू चहाला तोंड लावत नाहीत. समोर कपावर साय धरते. मी म्हणतो, "प्या की मामू, गार झाला." ते फाटकाकडे बघत म्हणतात, "येऊ दे की तिला. चहा कुटं पळतोय?" मला हे निव्वळ वेड वाटायचं.

गेल्या वर्षी वरून फर्मान आलं की डेपोच्या मालमत्तेचा पाच वर्षांचा आराखडा करायचा. त्यासाठी पुण्याहून एक सल्लागार मॅडम आल्या. "मालमत्ता म्हणजे काय?" मामूंनी मला हळूच विचारलं. म्हटलं, तुमच्या बस. "बस मालमत्ता कशी व्हईल? मालमत्ता जागेवर ऱ्हाती. हे तर रोज सकाळी निघून जातंय." मॅडमनी प्रत्येक गाडीसाठी एक फॉर्म दिला. त्यात 'उर्वरित आयुष्य' असा एक रकाना होता. तो वाचून मामूंनी दोन्ही कानांना हात लावले. "ये लिखनेवाला मैं कौन?" आणि सगळ्या गाड्यांपुढे त्यांनी 'इन्शाअल्ला' लिहून टाकलं. शेवटचा रकाना गाडीच्या स्थितीचा, एक ते पाच गुणांचा. ज्या गाडीला दोन किंवा कमी, ती भंगारात.

आता माझी करणी सांगतो. फॉर्म इंग्रजीत होता. मी पुढची बाजू तेवढी मराठीत केली, तिचीच झेरॉक्स काढली आणि मागची बाजू बघायची राहिली. पाच म्हणजे उत्तम आणि भंगाराचा तो नियम, हे दोन्ही नेमकं मागच्या बाजूला होतं. आणि आमच्या सोलापुरात चांगल्या गोष्टीला एक नंबर म्हणतात. शेंगाचटणी एक नंबर, चादर एक नंबर, जावई एक नंबर. पाच नंबर कशाला म्हणतात मला ठाऊक नाही, पण ते काही चांगलं नसणार. मामूंनी दोन दिवस गाड्यांभोवती फिरून पेन्सिलीने गुण दिले. धूर ओकणाऱ्या सत्तावीसला पाच. बेचाळीसपुढे त्यांनी एक काढला, आणि तो इतका ठसठशीत की कागद फाटायचा राहिला.

अहवाल रंगीत आला. सत्तावीस हिरव्या रंगात, सर्वांत लांबच्या मार्गासाठी शिफारस केलेली. भंगाराच्या यादीत पहिली बेचाळीस.

"तिला तर मी एक नंबर दिलाय की!" मामूंचा आवाज फुटला. मी मूळ फॉर्म उलटून पाहिला आणि मागची बाजू वाचली. सगळं कबूल केलं. मामू रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतंच म्हणाले, "सत्तावीसला लांब पाठवू नका, एवढं साहेबांना आत्ताच्या आत्ता सांगा." मी पळत जाऊन सांगितलं. गुण नव्याने घ्यायला मॅडम पुन्हा यायच्या होत्या, त्याला आठवडा होता. त्या आठवड्यात मामूंचा डबा रोज न उघडता घरी गेला, आणि माझाही.

मॅडम आल्या. चांगल्या होत्या, हसून म्हणाल्या, "मामू, आता पाच म्हणजे बेस्ट हं." एकेक गाडी होत बेचाळीसची पाळी आली. मामू तिच्याभोवती एक चक्कर मारून मागे वाकले, चेसिसखाली हात घातला आणि सांगाड्यावरची एक जागा बोटांनी चाचपली.

"पाच ना मामू?" मीच घाईने म्हणालो. "निदान चार तरी."

"हितं चीर हाय," मामू म्हणाले. "दोन डाव मीच वेल्डिंग केलं. रोज बघतो, वाढली न्हाय. पर हाय."

"मग तेव्हा एक का दिलात?" मॅडमनी विचारलं.

"तवा मला वाटलं, गाडी कशी हाय ते इचारताय. आता कळलं, किती दिवस जाईल ते इचारताय." त्यांनी हात फडक्याला पुसला. "लोकं बसत्यात तिच्यात. दोन लिवा."

इतकी वर्षं चहा का गार होत होता, ते मला त्या क्षणी कळलं.

बेचाळीसला क्रेन लावून ओढून नेलं, त्या सकाळी मामूंनी खिशातून खडू काढला आणि तिच्या पाठीवर मोठा १ काढला. क्रेनवाल्याने विचारलं, हे कशाचं? मामूंनी खडू परत खिशात ठेवला. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा सवयीने त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले; पण इंजिन बंद होतं, ऐकू येण्यासारखं काही नव्हतं.

हल्ली दुपारी मामूंपुढे चहा येतो तेव्हा त्यांना कुणाचीही वाट बघायची नसते. तरी ते पीत नाहीत. आता मीही 'प्या' म्हणत नाही. माझाही कप तसाच ठेवतो, आणि दोघांच्या चहावर साय धरली की मग आम्ही पितो.