बनियनच्या जाहिरातीतला राजा

ऐतिहासिक मालिकेत राजा दरबारात आला, की आई सोफ्यावर बसल्या बसल्या डोक्यावर पदर घेते. शेजारी मी उत्तर-आधुनिकतेवरच्या निबंधासाठी तीच मालिका बघत असते. खरा राजा कुठेच नाही, आहेत त्या फक्त प्रतिमांच्या प्रतिमा, असं मी लिहिलंही आहे. काल मध्येच जाहिरात लागली आणि तोच नट बनियन विकायला आला. आईचा पदर लगेच खांद्यावर.

"अगं, माणूस तोच ना?"

"तोच की. पण आत्ता राजा नाहीये."

मग मगाशी कोण होता? नुसती प्रतिमा म्हणावी, तर पदर कुणासाठी? खरा म्हणावा, तर हा बनियनवाला कोण? तेवढ्यात मालिका परत सुरू झाली, तुतारी वाजली, आणि टीपॉयवरचे माझे पाय आपोआप खाली आले.