आमचं पुलावरचं झेंडावंदन

कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये आमची मराठी घरं मोजकीच, पण प्रत्येक घरात बॉर्डरचा एक तरी किस्सा आहे. कुणाकडे हळदीकुंकू असो नाहीतर बेसमेंटमधली बर्थडे पार्टी, चहाचे कप हातात आले की कुणीतरी म्हणतंच, "ते नानांचं झेंडावंदन सांग ना!" सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी पुन्हा ऐकायचं असतं. सांगणारा दर वेळी थोडी भर घालतो आणि किस्सा अंगाने भरत जातो. मी आज शक्यतो भर न घालता सांगणार आहे. शक्यतो!

आधी हा प्रकार काय ते सांगते. भारतातून आईवडील टुरिस्ट व्हिसावर आले की त्यांना इथे साधारण सहा महिने राहायला मिळतं. ते संपत आले की नातवंडं गळ्यात पडतात, "डोन्ट गो, आजी!" मग मुदत वाढवायची. आता हे घरबसल्या ऑनलाइन अप्लाय करूनही होतं. पण आमच्या अण्णा खऱ्यांना ते मान्य नाही. अण्णा सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून इथे आले, आता रिटायर्ड आहेत आणि आमच्या मराठी मंडळाचं सगळं त्यांच्या सल्ल्याने चालतं. ते म्हणतात, "परवानगी माणसाच्या तोंडाकडे बघून मागावी. कॉम्प्युटरला आजीची माया काय कळणार!"

म्हणून ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे अशा ज्येष्ठांना अण्णा आपल्या व्हॅनमध्ये घालतात, बॉर्डरवरचा पूल ओलांडून अमेरिकेत नेतात आणि लगेच परत आणतात. परत येताना कॅनडाच्या ऑफिसरला सगळं खरं सांगून नवा मुक्काम मागायचा. त्याला पटलं तर पासपोर्टवर नवा शिक्का, नाही पटलं तर जुन्या तारखेला बॅग भरायची. इथले लोक असल्या फेरीला फ्लॅगपोलिंग म्हणतात, म्हणजे झेंड्याला वळसा घालून येणं. अण्णांनी त्याचं मराठी केलं 'झेंडावंदन' आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

* * *

शिरीष आमच्या शेजारच्या गल्लीत राहतो. त्याचे वडील नाना, चिपळूणचे निवृत्त हेडमास्तर, आणि आई म्हणजे माई. अण्णांनी त्यांना फोन केला, "नाना, शनिवारी सकाळी झेंडावंदनाला जायचंय. माईंना घेऊन तयार राहा."

शनिवारी नाना कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी पँट आणि डोक्यावर टोपी घालून आले. वरून शिरीषचा बर्फातला जाडजूड कोट, पार्का. हेडमास्तर माणूस, असेल सवय, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

अमेरिकेला वळसा घालून व्हॅन परत कॅनडाच्या ऑफिससमोर उभी राहिली. समोर मेपलच्या पानाचा झेंडा फडफडत होता. नाना खाली उतरले, पार्का काढून शिरीषच्या हातात दिला आणि त्या थंडीत खणखणीत आवाजात ओरडले, "सावधान!"

माई स्नोबूट जुळवून उभ्या राहिल्या. अण्णा उभे राहिले. सिगारेट ओढायला बाहेर आलेला एक ऑफिसर आधी दचकला. मग त्याने सिगारेट विझवली आणि तोही ताठ उभा राहिला! नानांनी 'विश्राम' म्हटल्यावरच सगळे हलले.

शिक्का मिळाला. पण परत येताना नाना गप्प. अण्णांनी विचारलं, "काय झालं नाना? काम तर झालं की!"

"ते ठीक आहे हो," नाना म्हणाले. "पण एवढ्या लांब झेंडावंदनाला आणलंत आणि खाऊ नाही?"

तेव्हापासून परतीच्या वाटेवर इंडियन ग्रोसरीसमोर थांबून बुंदीचे लाडू वाटायचे, हा आमचा नियमच होऊन बसला.

* * *

माईंची वेगळीच तऱ्हा. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपण सगळेच पाळतो. माई ते इंग्रजीतही पाळतात.

पुलाच्या अमेरिकन टोकाला खिडकीतल्या ऑफिसरने मागच्या सीटवरच्या माईंना विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग, मॅम?"

"नो गोइंग," माई म्हणाल्या. "आय ॲम कमिंग."

"कमिंग फ्रॉम?"

"कॅनडा."

"अँड गोइंग टू?"

"कमिंग टू कॅनडा!"

ऑफिसरने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी शांतपणे समजावलं, "सर, आमच्या भाषेत कुणी जात नाही. सगळे फक्त येतात."

ऑफिसरने थोडा विचार केला, पासपोर्ट परत दिले आणि पुढे जायची खूण करत म्हणाला, "ऑल राइट, मॅम. कम!"

* * *

पुढच्या खेपेला पुलाच्या अलीकडच्या कॉफी शॉपमध्ये नाना अडून बसले. राहुकाल आहे, आत्ता निघायचं नाही! खिशात चिपळूणहून आणलेलं छोटं पंचांग होतं, त्यात बोट घालून बसले होते. शिरीषने विनवण्या केल्या, माईंनी डोळे वटारले. नाना ढिम्म.

शेवटी अण्णा म्हणाले, "नाना, हे पंचांग चिपळूणचं. चिपळूणला आत्ता रात्र आहे. राहू झोपलाय."

नाना विचारात पडले. "म्हणजे आपल्याकडे राहुकाल असतो तेव्हा इथे रात्र?"

"बरोबर."

"आणि इथे दिवसा तो लागतच नाही?"

"लागायचा प्रश्नच नाही."

नानांनी पंचांग मिटलं, शिरीषकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तरीच हा इथे येऊन सुधारला!"

* * *

आता आमच्या घरचं. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, सांगलीच्या. आईंचं आणि माझं पटतं. पोळ्यांचा विषय सोडून!

त्यांच्या पहिल्या फेरीला आमची ईराही हट्टाने व्हॅनमध्ये चढली. तेव्हा ती दुसरीत होती. अण्णा जाताना सगळ्यांची तालीम घेतात. स्वतः ऑफिसर होतात आणि प्रश्न विचारतात. नियम दोनच. एक, खोटं बोलायचं नाही. दोन, 'वर्क' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. टुरिस्टला इथे नोकरी करायची परवानगी नसते. कुणीतरी भाबडेपणाने 'होल डे वर्क' म्हणायचं भांडी घासण्याबद्दल आणि ऑफिसरच्या भुवया चढायच्या!

"मी कुठे काम करते इथे!" आई म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

परत येताना ऑफिसर हसतमुख मिळाला. त्याने वाकून ईरालाच विचारलं, "तुझी ग्रँडमा इथे काही वर्क करते का?"

अण्णांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"नो," ईरा म्हणाली. "शी जस्ट टेल्स मॉम व्हॉट टु डू."

ऑफिसर म्हणाला, "माइन टू!"

* * *

आणि आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट.

आई दुसऱ्यांदा आल्या होत्या आणि मंडळाने नाटक बसवायला घेतलं होतं. अण्णांनीच लिहिलेलं, 'किल्ली माझ्या कनवटीला'. एका म्हाताऱ्या बाईचा फ्लॅट मुलांना विकायचा असतो आणि ती हलायला तयार नसते, एवढीच गोष्ट. म्हातारीसाठी कुणी मिळेना. इथल्या सगळ्या बायकांना सुनेचंच काम हवं होतं! अण्णांनी सहज आईंना वाचून बघायला सांगितलं. आईंनी एक पान वाचलं आणि बेसमेंटमधल्या तालमीत तिथल्या तिथे ते मुख्य काम त्यांना मिळालं.

त्या रात्री ओट्यापाशी आई मला म्हणाल्या, "कॉलेजात असताना मला मुख्य काम मिळालं होतं गं. सगळं पाठ झालं होतं. आणि लग्न ठरलं. सासरचे म्हणाले, नाटकबिटक नको. मग माझं काम दुसऱ्याच मुलीने केलं. मी पहिल्या रांगेत बसून बघितलं. ती दोनदा चुकली."

इतक्या वर्षांत हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. माझ्या नवऱ्याला, प्रसादलाही, माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, काही झालं तरी हे नाटक व्हायलाच हवं.

आणि नेमकं प्रयोगाच्या दिवशी बर्फाचं वादळ आलं! रस्ते बंद, हॉल बंद. पुढची तारीख मिळाली ती आईंचा मुक्काम संपल्यानंतरची. सकाळी बघितलं तर आई बॅग काढून त्यात गरम कपडे भरत होत्या. संवाद मात्र पुटपुटत होत्या.

अण्णांनी फोनवर ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "व्हॅनला विंटर टायर आहेत. उद्या झेंडावंदन."

आम्ही चौघं निघालो. आई, प्रसाद, अण्णा आणि मी. वाटेत तालीम झाली. आई सगळी उत्तरं बरोबर देत होत्या. नातीबरोबर राहायचंय, परतीचं तिकीट पुढे ढकलता येतं, मुलगा खर्च करतो. 'वर्क' नाही म्हणजे नाही.

अमेरिकेला वळसा घालून परत आलो. या वेळी आम्हाला आत बोलावलं. काउंटरपलीकडे एक तरुण ऑफिसर होता, पण चेहरा एकदम कोरा. बराच वेळ पासपोर्ट चाळत बसला. मग म्हणाला, "आणखी राहायचं कारण?"

प्रसादने तोंड उघडलं. ऑफिसरने हात वर केला. "त्यांना बोलू दे."

आईंनी पदर सारखा केला. खोटं बोलायचं नाही हा पहिला नियम त्यांना आठवला असावा. दुसरा मात्र साफ विसरल्या. म्हणाल्या, "आय हॅव वर्क."

"वर्क?" ऑफिसर पुढे झुकला. "कसलं वर्क?"

"मेन वर्क!" आई खुलल्या. "अदर लेडीज, स्मॉल स्मॉल वर्क. मेन वर्क इज माइन ओन्ली."

"हे वर्क तुम्हाला कुणी दिलं?"

आईंनी अभिमानाने अण्णांकडे बोट केलं.

"हे तुम्हाला पैसे देतात?"

"पैसे? नो, नो! टी ऑल्सो आय ॲम गिव्हिंग!"

ऑफिसरने अण्णांकडे असं काही बघितलं की इतकी वर्षं या देशात साधं पार्किंग तिकीटही न मिळालेले अण्णा पांढरेफटक पडले. "सर, ड्रामा!" ते कसेबसे म्हणाले. "हौशी नाटक आहे. मराठीत नाटकातल्या रोललाही कामच म्हणतात. वर्क म्हणजे... वर्क नाही!"

"वर्क म्हणजे वर्क नाही," ऑफिसर सावकाश म्हणाला. मग आईंकडे वळला. "ओके, मॅम. शो मी युवर वर्क."

आईंनी क्षणभरही विचार केला नाही. पर्स माझ्या हातात दिली, कोटाची बटणं काढली, पदर कमरेला खोचला आणि त्या ऑफिसच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मी इथून हलायची नाही!" त्यांचा आवाज ऑफिसभर घुमला. "कागद दाखवतोस मला? शिक्के दाखवतोस? अरे, या घरात माझी माणसं आहेत! बघतेच मी, कोण मला बाहेर काढतो ते! किल्ली माझ्या कनवटीला आहे. हिंमत असेल तर घे!"

आणि शेवटच्या शब्दाला त्यांनी बोट रोखलं ते थेट ऑफिसरवर!

बाकावर बसलेली माणसं बघत राहिली. शेजारच्या काउंटरवरची बाई टाइप करायची थांबली. मला तर रडूच फुटलं, कारण इतकं सुंदर काम बेसमेंटमध्ये एकदाही झालं नव्हतं.

ऑफिसर प्रसादला म्हणाला, "ट्रान्सलेट."

प्रसादने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. खोटं बोलायचं नाही हा नियम त्यालाही होता. त्याने घसा खाकरला आणि इमिग्रेशन ऑफिसरला, वाक्यामागून वाक्य, सांगितलं की ही बाई म्हणते आहे, मी इथून जाणार नाही, तुमचे कागद आणि शिक्के मला दाखवू नका, मला कोण बाहेर काढतं तेच बघते.

ऑफिसरचा चेहरा तसाच कोरा. त्याने पासपोर्ट उघडला. शिक्का उचलला. उमटवला, तारीख लिहिली आणि आईंच्या हातात देत तितक्याच कोऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "सिक्स मंथ्स, मॅम. देन यू गिव्ह मी द की."

परतीच्या वाटेवर इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये अण्णांनी गाडी थांबवली. प्रसादने लाडवांचा डबा आणला. आईंनी एक लाडू घेतला, अर्धा खाल्ला, खिडकीतून पुलाच्या दिशेने बघितलं आणि मनापासून म्हणाल्या,

"त्या पोराने काम छान केलं हो!"